पंच्याण्णव अंश, पाच मिनिटं

सोमवारी सकाळी पावणेनऊला ताई पेशींच्या खोलीत शिरल्या, दिवा लावला, आणि समोरच्या पेशी गोठवून ठेवायच्या टाकीवर चिकटवलेला कागद त्यांना दिसला. कागद छापील होता. खाली सरांची सही होती.

‘या टाकीतील सर्व साठा शुक्रवारी दुपारी तीन वाजता नष्ट करण्यात येईल. कारण : हाताळणीतील दोषामुळे साठा अविश्वसनीय.’

ताईंनी तो वाचला. चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. अक्षर न् अक्षर तसंच होतं.

हाताळणीतील दोष. हाताळणी कुणाची? खोलीत कुणीही यावं-जावं, पण टाकीला कुलूप होतं, त्याची चावी ताईंकडे होती, आणि अकरा वर्षांत त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात त्या टाकीत गेला नव्हता. म्हणजे नाव न लिहिता नाव लिहिलं होतं. तेही चिकटपट्टी लावून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागद फाडावासा वाटला. पण फाडला असता तर आणखी एक दोष पदरात पडला असता. शिवाय पेशींची खायची वेळ झाली होती. ताईंनी हात धुतले, हातमोजे चढवले, आणि सदतीस अंशांच्या कपाटातून एकेक बाटली काढून आतलं शिळं गुलाबी पाणी ओढून घेतलं आणि ताजं घातलं. डोकं तापलेलं होतं, पण हात हलला नाही. पेशींना कुणाच्या रागाशी काय देणंघेणं? त्यांना एक दिवसाआड खायला लागतं, मग सुट्टी असो, ताप असो, की घरात कुणी गेलेलं असो.

ताई या संस्थेत आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि काम होतं बाटल्या धुण्याचं. तेव्हाही त्या ताईच होत्या, कारण बाटलीत साबण राहिला तर कुणाची चूक, यावरून त्या त्यांच्या दुप्पट वयाच्या माणसांना दटावत. दटावताना एकदा थोरल्या सरांनी ऐकलं. थोरले सर म्हणजे तेव्हाचे प्रमुख. ते म्हणाले, “हिला बाटलीबाहेर काय वाया घालवता? बाटलीच्या आत काय असतं ते दाखवा हिला.” आणि त्यांनी स्वतःच दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली बाटलीच्या तळाला चिकटलेल्या माणसाच्या पेशी. ताईंनी डोळा लावला आणि तो पुढची तीस वर्षं काढला नाही असं म्हटलं तरी चालेल.

थोरल्या सरांना समजावून सांगायची हौस होती. पेशीला भिंत नसते, ते म्हणत, नुसतं एक तेलकट पातळ आवरण असतं. त्या आवरणात प्रथिनं रोवलेली असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. बाहेर काय चाललंय ते आत कळवायचं त्यांचं काम. पण एकेकटा रिसेप्टर फारसं काही करत नाही. तो शेजारच्याचा हात धरतो, तो शेजारी आणखी कुणाचा. कोण कुणाचा हात धरतो हे कळलं, तर कुठलं औषध कुठे लागू पडेल आणि कुठे भलतंच काही करून बसेल ते कळेल. म्हणून नकाशा करायचा. गावाचा नसतो का, कुणाचं कुणाकडे जाणं-येणं आहे असा? तसा.

त्या नकाशासाठी ताईंनी पेशी तयार केल्या. एका जातीच्या पेशीत एकच रिसेप्टर भरपूर उगवेल अशी व्यवस्था करायची, त्याला मागे एक छोटी मूठ लावायची, म्हणजे ती मूठ धरून तो नंतर बाहेर ओढता येईल. मग त्या पेशी वाढवायच्या, जगतात का पाहायचं, रिसेप्टर खरंच आवरणावर आलाय का ते रंग लावून पाहायचं, आणि कुप्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या. एकाला कधी दोन महिने लागत, कधी सहा; एका वेळी दहा-बारा चालू असत. अशा तीनशे बारा रिसेप्टरांच्या पेशी ताईंनी अकरा वर्षांत केल्या. प्रत्येकाला अधिकृत नाव अक्षरं-आकड्यांचं होतं, पण ताईंच्या वहीत त्यांची दुसरी नावंही होती. कितीही खायला घाला, वाढायचं नाव घेत नाही तो ‘आडमुठ्या’. पाच वेळा मेला आणि सहाव्यांदा जगला तो ‘निर्लज्ज’.

थोरले सर निवृत्त झाले. नवे सर आले, वयाने ताईंहून लहान, हुशार, सतत कुठेतरी निघालेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात कामाची वाटणी केली. खालच्या मजल्यावर पेशी, वरच्या मजल्यावर प्रथिनं. पेशीवाल्यांनी पेशी वाढवून बर्फात ठेवून वर पाठवायच्या, पुढचं, म्हणजे पेशी फोडून आतली प्रथिनं जेल नावाच्या मऊ थरातून विजेने सरकवून वेगळी करणं, वरचे बघतील. ताई पूर्वी दोन्ही कामं करत. आता वरचा जिना चढायचं कारणच उरलं नाही. वरच्या बैठकांनाही त्यांना बोलावणं येईनासं झालं.

वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी एक नवी डॉक्टर मुलगी आली होती. चालताना पळायची, बोलताना शब्द गिळायची आणि जेवताना उभ्यानेच जेवायची. बाटल्या धुणाऱ्या बाईंनी तिचं नाव ‘घाई’ ठेवलं आणि ते चिकटलं. ताईंच्या पेशी घाईकडेच जात.

दहा वाजता ताई सरांच्या दारात उभ्या राहिल्या. 

“सर, टाकीवर कागद लावलाय.”

“हो, ताई. तुम्हाला बोलवणारच होतो.” सर संगणकातून मान वर न करता म्हणाले. “चाळीस नमुने तपासले आपण. नऊ ठीक आहेत. एकतीसमध्ये रिसेप्टरच नाही. पेशी रिकाम्या आहेत.”

“माझ्या पेशी रिकाम्या?”

“जुन्या झाल्या की पेशी बदलतात. आपण शिकवलेलं विसरतात. तुम्हाला मी सांगायला नको. यात तुमचा काही दोष—”

“आहे, असं तुम्ही लिहिलंय.”

सरांनी मान वर केली. “कागदावर काहीतरी कारण लिहावं लागतं, ताई. मनावर घेऊ नका.”

“मी प्रत्येक कुपी गोठवायच्या आधी रंग लावून पाहिलीय. वहीत आहे सगळं.”

“ते तेव्हाचं झालं. आत्ता जेलवर काही येत नाहीये. नकाशाच्या एकतीस ओळी कोऱ्या पडल्यात. मी किती दिवस थांबू? कंपनीकडून नव्या पेशी मागवतोय.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “आणि हो, ज्या दोन लॅबमध्ये आपण तुमच्या पेशींच्या जादा कुप्या ठेवल्यात ना, त्यांनाही परवा ईमेल केलाय. तेही शुक्रवारपर्यंत टाकून देतील. अर्धवट खराब माल इथे-तिथे राहायला नको.”

म्हणजे शुक्रवारी तीन वाजल्यानंतर त्या पेशी जगात कुठेच उरणार नव्हत्या. अकरा वर्षं वाफेच्या भट्टीत जाणार होती, आणि मागे राहणार होता तो ‘हाताळणीतील दोष’. परवाच्या त्या पत्रात काय कारण लिहिलं होतं हे ताईंनी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

“चाळीसांची यादी द्या मला,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“माझ्या पेशी आहेत म्हणून.”

सरांनी यादी छापून दिली. देताना त्यांनी घड्याळ पाहिलं. ते घड्याळ पाहणंच ताईंना जास्त झोंबलं.

संध्याकाळी घरी भांड्यांचा आवाज होत होता. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, “आज भांडी का आदळतेयस गं?”

“आदळत नाहीये.”

“मग भांडीच रागावली असतील. बोल त्यांच्याशी काहीतरी गोड.”

ताईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बोटांच्या रेघांत काळं वंगण कायमचं बसलेलं. त्याने ताटावर बसताच ओळखलं आणि आधी पोटभर जेवून घेतलं, कारण एकदा विषय निघाला की जेवण राहणार हे त्याला माहीत होतं. मग विचारलं, “कुणाचं डोकं फोडायचंय?”

ताईंनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. “तीस वर्षं झाली मला! आणि तो कालचा माणूस मला दाराशी उभं करून सांगतो, कागदावर काहीतरी कारण लिहावं लागतं! अहो, एक माणूस खाली येऊन विचारू शकत नव्हता? जिना तुटला होता का?”

“राजीनामा देतेस?”

“मी का देऊ? त्याने द्यावा!”

“बरं. मग यादी दाखव.”

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“काही नाही. दाखव तरी.” नवऱ्याने यादी उलटीसुलटी केली. लांबलचक अक्षरं-आकडे. “ही खुणा केलेली एकतीस, होय? तू दिवसभर हीच बघत बसलीस?”

“मग काय बघायचं?”

“लिफ्ट बिघडली की लोक मला सांगतात, तिसऱ्यावर थांबत नाही, पाचव्यावर थांबत नाही. मी त्यांना विचारतो, थांबते कुठे? चालू काय आहे त्यावरून बिघाड कळतो. बंद काय आहे ते तर सगळेच सांगतात.”

“माझ्या पेशी म्हणजे लिफ्ट नव्हे,” ताई फणकारल्या. पण यादी त्यांनी त्याच्या हातातून घेतली आणि पहिल्यांदाच त्या नऊ नावांवरून बोट फिरवलं. पहिलं. दुसरं. तिसरं. नवव्यापर्यंत जायची गरजच पडली नाही, तरी त्या गेल्या. मग एकतिसांवर आल्या आणि तीही एकेक पाहिली. मग यादी टेबलावर ठेवून इतक्या गप्प बसल्या की सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, “काय गं, गेली का वीज?”

रिसेप्टर सगळे सारखे नसतात. काही आवरणातून एकदाच आरपार जातात, कापडात एकच टाका घालावा तसे. पण बरेचसे सात वेळा आत-बाहेर, आत-बाहेर जातात, धावदोरा घातल्यासारखे. ते नऊच्या नऊ एका टाक्याचे होते आणि एकतीसच्या एकतीस सात टाक्यांचे. पेशी विसरतात तेव्हा त्या टाके मोजून विसरत नाहीत. आडमुठ्याही विसरला, निर्लज्जही विसरला, आणि एक टाक्याचा मात्र एकही विसरला नाही? हे पेशींचं काम नव्हतं. हे पेशी वर गेल्यानंतर कुणीतरी केलं होतं. काय केलं असेल तेही ताईंना कळलं, आणि दिवसभर नुसता जाळणारा राग आता टोकदार झाला.

“उकळलंय त्यांनी,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“माझ्या पेशी. वर नेऊन उकळल्यात!”

मंगळवारी त्या वरच्या मजल्यावर गेल्या. घाई उभ्यानेच काहीतरी खात, दुसऱ्या हाताने नळ्यांवर आकडे घालत होती.

“जेलवर घालायच्या आधी नमुन्यांना काय करतेस?”

“नेहमीचंच, ताई. साबणाचं रसायन घालते, गरम करते, जेलवर घालते.”

“गरम किती?”

“पंच्याण्णव अंश, पाच मिनिटं.”

“सगळे?”

“सगळे. पत्रकात तसंच दिलंय ना.” तिने रसायनाच्या खोक्यातला छापील कागद पुढे केला.

“अगं, सात टाक्यांचं प्रथिन कुणी उकळतं का?”

घाईने खाणं थांबवलं. “ताई, सहा वर्षं जेल करतेय मी. प्रत्येक नमुना उकळलाय. आजवर काही झालं नाही.”

“सहा वर्षं कुठली प्रथिनं केलीस?”

“पेशीच्या आतली.”

“म्हणजे पाण्यात राहणारी. ही पाण्यात राहत नाहीत, तेलकट आवरणात राहतात. उकळलीस की त्यांची घडी उलगडते, तेलकट अंग बाहेर पडतं, आणि मग ती एकमेकांना घट्ट धरून बसतात. गोळा होतो. अंडं उकडल्यावर गाळणीतून जाईल का? तसा तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही. सदतीस अंशांवर अर्धा तास ठेवायचं असतं यांना, बस. थोरले सर आम्हाला कानीकपाळी ओरडून सांगायचे.”

“थोरले सर मला भेटले नाहीत,” घाई ताठपणे म्हणाली. “आणि ताई, राग मानू नका, पण तुम्ही पेशी बघा ना. जेलचं आम्ही बघतो. गोळा झाला असता तर जेलच्या तोंडाशी दिसला असता.”

“नाही दिसला?”

घाईने समोरच्या नळ्या उगाच सरळ केल्या.

“मी विचारतेय, जेलच्या अगदी वर, तोंडाशी, काळा डाग नव्हता?”

“फोटो घेतल्यावर... मी वरचा भाग कापते,” घाई म्हणाली. “तिथे नेहमी घाणच असते. सगळेच कापतात.”

ताईंनी टेबलाची कड धरली. नाहीतर हातून काय झालं असतं कुणास ठाऊक. “कापतेस! ज्या जागी माझी अकरा वर्षं अडकून बसली होती, नेमकी तीच जागा तू कापून टाकतेस, आणि खाली सांगून पाठवतेस की पेशी रिकाम्या!”

“मी हाताळणीचं काही म्हटलं नव्हतं. ते सरांनी...”

“तू काय म्हटलंस?”

“मी म्हटलं, खालूनच काहीतरी बिघडलं असेल.”

“बघ. ‘खालून’ म्हटलंस, झालं! खाली एकच माणूस आहे.”

घाईचा चेहरा पडला, पण हट्ट गेला नाही. सरांना विचारल्याशिवाय नवं जेल घालणार नाही म्हणाली. सरांना फोन लावला. ते बाहेरगावी बैठकीला निघाले होते, गुरुवारी परतणार होते. फोनवरून त्यांचा आवाज ताईंनाही ऐकू आला. “ताईंना सांग, निर्णय झालाय. वेळ आणि सामान वाया घालवू नका.”

घाईने फोन ठेवला. “ऐकलंत ना?”

“ऐकलं. त्यांनी सामान म्हटलंय ते वरचं. खालच्या कपाटात थोरल्या सरांच्या वेळची जेलची पेटी आहे, रसायनं मी दर वर्षी नवी करून ठेवते. कुणाच्या परवानगीची गरज नाही.” दाराशी जाऊन ताई वळल्या. “उद्या दहाला खाली ये. मी एकटीने केलं तर म्हणाल, बाईने बनाव रचला. अर्धे नमुने तू कर, तुझ्या पत्रकाप्रमाणे. अर्धे मी करते. कुप्या त्याच.”

“आणि नाही आले तर?”

“तर तू न कापलेले फोटो काढून बघशील. एकटीच. आज ना उद्या बघशीलच, तुझी झोप उडालीय मला दिसतंय.”

बुधवारी घाई दहाला पाच मिनिटं असताना आली. दोघी एकमेकींशी कामापुरतंही नीट बोलल्या नाहीत. ताईंनी एकतिसांतले पाच निवडले, आडमुठ्या आणि निर्लज्ज धरून, आणि नवांतला एक. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले. एक घाईने घेतला, पंच्याण्णव अंशांच्या ठोकळ्यात ठेवला आणि पाच मिनिटांचा गजर लावला. दुसरा ताईंनी सदतीसवर अर्धा तास ठेवला. तेवढ्या वेळात घाई तीनदा घड्याळाकडे आणि चारदा दाराकडे बघून झाली.

“अर्धा तास काय करायचं असतं?” तिने शेवटी विचारलं.

“काही नाही करायचं. तेच जमत नाही तुम्हाला.”

मग जोडीजोडीने बारा नमुने जेलच्या बारा खाचांत उतरवले. वीज सोडली. निळी रेघ खाली सरकत गेली. दुपारनंतर जेलवरची प्रथिनं कागदावर उतरवली आणि मुठीला ओळखणारं औषध लावून तो कागद थंड कपाटात ठेवला.

गुरुवारी सकाळी अंधाऱ्या खोलीत त्यांनी तो कागद फोटोच्या फिल्मवर ठेवला आणि मग फिल्म धुतली. ताईंनी ती चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरली. घाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

ताईंच्या खाचांखाली पाच काळ्याभोर रेघा होत्या, जिथे असायला हव्यात तिथेच. घाईच्या पाच खाचांखाली स्वच्छ पांढरं. आणि त्या पाचही खाचांच्या तोंडाशी काळे गोळे, डांबर ओतल्यासारखे. सहावी जोडी, एका टाक्याची, दोन्हीकडे सारखीच.

“अरे देवा,” घाई म्हणाली. फिल्म जवळ ओढून तिने ते गोळे एकेक करून मोजले. मग, “ताई, माझा लेख जवळजवळ लिहून झाला होता.”

ताईंना वाटलं होतं, फिल्म पाहिल्यावर राग उतरेल. तो उलट चढला. बरोबर असल्याचं सुख त्यांना मिळालंच नाही. इतकं सोपं होतं. एक जिना उतरून एक प्रश्न विचारायचा होता. “तुझा लेख,” त्या म्हणाल्या. “माझ्या तीनशे बारा जाती भट्टीत जाणार होत्या, आणि तुझा लेख.”

सर साडेअकराला आले. ताई फिल्म घेऊन वर गेल्या, घाई मागोमाग. सरांनी फिल्म खिडकीशी धरून नीट पाहिली. ते हुशार होते, एका नजरेत समजले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज शांतच राहिला.

“छान. उत्तम काम. म्हणजे पद्धतीत थोडी सुधारणा हवी. उद्याचं थांबवू या.”

“आणि बाहेरच्या दोन लॅबचं?”

“त्यांनाही कळवतो. तांत्रिक कारणामुळे निर्णय तूर्त स्थगित.”

“तांत्रिक कारणामुळे नाही. उकळल्यामुळे.”

“ताई, तपशिलात कशाला जायचं?”

“तपशील गेला नाही तर तेही उकळणार. त्यांच्याकडेही हेच पत्रक असेल. त्यांनाही काही दिसणार नाही, आणि महिन्याभराने तेही टाकून देतील. माझ्या पेशी खराब म्हणूनच.”

सर थोडे पुढे झुकले. आवाज खाली आणला. “हिच्या करिअरचा प्रश्न आहे. नवी मुलगी आहे.”

घाई दाराशी जमिनीकडे बघत उभी होती.

“हाताळणीतील दोष लिहिलंत तेव्हा प्रश्न कुणाचा होता?” ताई म्हणाल्या. “मी तेव्हा या खोलीत नव्हते म्हणून सोपं गेलं का लिहायला? हिचं नाव लिहू नका, मला नको हिचं नाव. ‘आम्ही उकळलं’ असं लिहा. तुम्ही प्रमुख आहात ना? मग ‘आम्ही’ म्हणजे तुम्हीच. आणि मागचं पत्र किती जणांना गेलं होतं?”

“पाहावं लागेल.”

“पाहा.”

सरांनी पाहिलं. “एकोणीस.”

“मग हेही एकोणीस जणांना जाईल. आणि पत्र गेल्याचं बघूनच मी खाली जाईन.”

सरांनी खुर्ची ओढली आणि लिहायला लागले. पहिल्या खेपेस लिहिलं, ‘काही अडचणींमुळे’. ताईंनी वाचून मान हलवली. दुसऱ्या खेपेस लिहिलं, ‘नमुन्यांवरील उष्णतेच्या प्रक्रियेच्या संदर्भात’. ताई म्हणाल्या, “ही कुठली भाषा? माझ्या सासूबाईंना कळेल असं लिहा.” तिसऱ्या खेपेस सरांनी दात-ओठ खात टंकलं, ‘पेशी उत्तम आहेत. आम्ही नमुने उकळले, ते उकळायला नको होते. हाताळणीत कोणताही दोष नव्हता. साठा टाकू नये. एकतीस कोऱ्या ओळी म्हणजे नाही असं उत्तर नव्हे. त्या अजून पाहिलेल्याच नाहीत.’

शेवटचं वाक्य ताईंनी सांगितलं नव्हतं. ते सरांनी आपणहून घातलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “हे बरोबर आहे.” तेवढंच.

पत्र गेलं. टाकीवरचा कागद काढायला सर स्वतः खाली आले. चिकटपट्टीचा एक कोपरा निघेना, तो त्यांनी नखाने खरवडला. ताईंनी मदत केली नाही.

बारा वाजता पहिल्या लॅबचं उत्तर आलं. साठा सुरक्षित आहे, आम्हीही उकळत होतो, आभार. साडेबाराला दुसऱ्या लॅबचं आलं. तिथे फार शिस्तीची माणसं होती. त्यांनी शुक्रवारची वाट न बघता बुधवारीच सुरुवात केली होती. दोन खोकी गेली होती. चोपन्न जाती. क्षमस्व.

ताईंनी वही काढली आणि चोपन्न नावं एकेक करून टाकीशी ताडून पाहिली. सत्तेचाळीस जातींच्या इथे पाच-सहा कुप्या होत्या. सातांच्या मात्र एकेकच उरली होती. बाकीच्या सांभाळायला म्हणून त्यांनीच विश्वासाने तिकडे पाठवल्या होत्या. एकच कुपी म्हणजे एकच संधी. वितळवली आणि जगली नाही, तर संपलं. पण न वितळवता ठेवली आणि उद्या पुन्हा कुणी सहीचा कागद घेऊन आलं तर? तो धोका आता ताई पत्करणार नव्हत्या. आजच वितळवायच्या, वाढवायच्या, प्रत्येकीच्या वीस कुप्या करायच्या, आणि चार ठिकाणी ठेवायच्या.

“शिस्तीची माणसं,” त्या दात चावून स्वतःशीच म्हणाल्या आणि टाकीचं झाकण उचललं. पांढरी वाफ कडांवरून खाली ओघळली. जाड हातमोजा घालून त्यांनी पहिली कुपी शोधली आणि चिमट्याने वर काढली.

दारात घाई उभी होती. कोट घातलेला, हात धुतलेले, अजून ओले.

“ताई, मी मदत करू? सात आहेत ना. दोघींनी केलं तर...”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. कुपी कोमट पाण्यात धरून हलवायची वेळ झाली होती. दीड मिनिटात बर्फ सुटला पाहिजे, ना कमी ना जास्त.

“आज नको,” त्या म्हणाल्या. “आज मी फार रागात आहे, आणि या एकेकच आहेत. उद्या नऊला ये. नऊला म्हणजे नऊला, पळत नको.”

घाई हो म्हणाली आणि गेली. ताईंनी कुपी पाण्यात बुडवली आणि बर्फाचा तो पांढरा खडा लहान होताना बघत मनात सेकंद मोजायला लागल्या.